धामणखेडची कोरी सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे आणि या देशाची लोकशाही माझ्यावर बसलेली आहे. तुमच्या पुस्तकात लोकशाही कशाकशावर उभी आहे ते दिले असेल. पण उभ्याने कोणी किती वेळ राहणार? केव्हातरी बसावे लागतेच, आणि बसायचे म्हटले की सतरंजी लागते. एवढे मोठे बोलून झाल्यावर आता खरे काय ते सांगून टाकते. माझ्या उमेदीच्या वर्षांत, एक अर्धवट सभा सोडली तर, माझ्यावर लोकशाही बसली नाही, सरपंच बसले नाहीत, पंचही बसले नाहीत. शाळेतली एक मांजर तेवढी बसायची. तिलाही लोक हाकलून द्यायचे.

माझा जन्म अकोटचा. एका म्हाताऱ्या विणकराच्या मागावर मी आणि माझी बहीण एका पाठोपाठ एक विणल्या गेलो. निळा पट्टा, तांबडा पट्टा, कडेला पिवळी नक्षी. म्हातारा लोखंडी पंज्याने एकेक धागा असा ठोकून बसवायचा की शेजारच्या घरात कोणाला डुलकी म्हणून लागायची नाही. तो आम्हांला म्हणायचा, "पोरींनो, तुमच्यावर लग्नं लागतीन, कीर्तनं होतीन, मोठमोठे लोक बसतीन." सगळेच बाप मुलींना असे काहीतरी सांगतात.

आम्हांला विकत घेतले ते बापूसाहेबांनी. बापूसाहेब म्हणजे आमच्या विकासखंडाचे अधिकारी. अमरावतीचे सुशिक्षित गृहस्थ, अंगात कोट, बोलणे गोड, आणि देशावर मनापासून प्रेम. त्या वेळी, म्हणजे एकोणीसशे एकोणसाठ साली, एका दूरच्या श्रीमंत देशातली एक संस्था आमच्या भागाला मदत द्यायला निघाली होती. एक तेलाचे इंजिन, लोखंडी नळ आणि पाण्याची टाकी. एवढी मदत एकाच गावापुरती होती. ती कोणत्या गावाला द्यायची यासाठी दोन गावे निवडली होती, धामणखेड आणि बोरटेक.

आता ही दोन गावे कशी, ते ऐका. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आपल्याकडे खारपाणपट्टा आहे. धामणखेड त्या पट्ट्याच्या पोटात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुण्याला चहा दिला तर तो पुन्हा येत नाही. बोरटेक तिथून दीड कोसावर, पण उंचवट्यावर. तिथे तीन विहिरी आणि तिन्ही गोड. म्हणजे पाणी कोणाला हवे होते हे आमच्या मांजरीलाही सांगता आले असते.

पण तेवढ्यावर ठरणार नव्हते. संस्थेचा नियम निराळा होता, आणि तो बापूसाहेबांनी धामणखेडच्या शाळेपुढे उभे राहून नीट समजावून सांगितला.

"मदत गरज पाहून द्यायची नसते," बापूसाहेब म्हणाले. "गरज काय, कोणालाही असते. ज्या गावाचा कारभार चांगला, त्याला मदत. सभा नियमित होतात का, सगळ्या जातीची माणसे एकत्र बसतात का, बायका येतात का, भांडणे किती, सार्वजनिक वस्तू वापरात आहेत का, याला मार्क आहेत. संस्थेच्या साहेबांच्या देशात आता अख्ख्या देशांनासुद्धा असेच मार्क देऊन मदत द्यावी असा विचार चालू आहे."

धामणखेडचे सरपंच खुशालराव चाळीस-पंचेचाळिशीचे शेतकरी होते. आवाज मोठा, मन मध्यम. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "म्हंजे बापूसाहेब, तहान लागली का नाई, हे नाई पाहात. गिलास कसा धरता, थे पाहातेत?"

"अगदी बरोबर समजलात," बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांनी मला खुशालरावांच्या हातात दिले. दोन्ही गावांना सभेसाठी संस्थेकडून एकेक सतरंजी भेट होती. माझी बहीण बोरटेकला गेली. तिथले सरपंच पंजाबराव तिला घ्यायला स्वतः छकडा घेऊन आले होते. जाताना बहीण म्हणाली, "भेटू वं, एखाद्या लग्नात."

धामणखेडात माझ्यावरची पहिली सभा अजून आठवते. पहिलीच, आणि शेवटचीसुद्धा. शाळेपुढच्या निंबाखाली मला अंथरले. मंडळी येऊन बसली. जुना रिवाज असा की गावची घरंदाज माणसे बिछायतीवर, आणि वस्तीवरची माणसे पलीकडे मोकळ्या जमिनीवर. कोणी सांगायचे नसते. ज्याला त्याला आपली जागा माहीत असते.

पण तीनच वर्षांपूर्वी वस्तीतली माणसे नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आली होती, आणि येताना जुनी जागा तिकडेच टाकून आली होती. त्यांतली मैनाबाई पुढे आली. अंगाने काटक, वयाने तिशीची, पंचायतीत बायकांच्या बाजूने नेमलेली सदस्य. तिने पायांतल्या वहाणा काढल्या आणि ती सरळ माझ्या निळ्या पट्ट्यावर येऊन बसली.

एक म्हातारा खाकरला. "मैने, तू तिकडं बस वं. तिकडं सावली हाय."

"सावली अठीबी हाय, बाबा."

"अवो पन..."

"सभेची सतरंजी हाय ना? मंग आमी काय सभेतले नाई?"

मागोमाग वस्तीतली आणखी माणसे आली आणि माझ्यावर बसू लागली. तसे काहीजण विंचू दिसल्यासारखे उठले. जे उठले नाहीत ते सरकले. शेवटी अशी अवस्था झाली की माझ्यावर अर्धे गाव दाटीवाटीने बसलेले आणि अर्धे गाव बाहेर उभे. खुशालराव मधोमध. त्यांच्या एका बाजूला भाऊबंद, दुसऱ्या बाजूला संस्थेचे मार्क.

"ही लहान पडून राहिली," ते घाम पुसत म्हणाले. "सारे नाई मावत."

"मंग कोनाले उठवता?" मैनाबाईने विचारले. "बसतीन त सारे बसतीन, नाईतर कोनीच नाई."

खुशालरावांनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले. मग ते म्हणाले, "गुंडाळा."

मला गुंडाळले. सगळे गाव जमिनीवर बसले. ज्यांना एका सतरंजीवर बसणे जड जात होते, त्यांनी जमीन कोणाच्या बापाची नाही आणि तिला विटाळ होत नाही, अशी मनाची समजूत घातली. एका पाटलांनी बसण्यापूर्वी धोतर इतका वेळ झटकले की सभेचा पहिला विषय तेवढ्यात संपला.

मित्रांनो, तेव्हापासून धामणखेडची सभा जमिनीवर भरू लागली. आणि काय सभा भरायची! दर महिन्याला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. बायका यायच्या, वस्ती यायची, पाटील यायचे. जोरजोरात भांडायचे. पण भांडून झाल्यावर गल्लीतली गटारे उपसली गेली, पोरी शाळेत येऊ लागल्या, आणि खुशालरावांच्या स्वतःच्या गोठ्याची भिंत रस्त्यात आली होती ती सभेने पाडायला लावली. खुशालरावांनी ती स्वतः पाडली. पाडताना सभेला इतक्या शिव्या दिल्या की वर्गातली मुले दोन दिवस त्यांचीच उजळणी करत होती. पण भिंत पाडली.

हे सगळे मी शाळेच्या आढ्याला टांगलेल्या दोरीवरून खिडकीतून पाहत होते. मला काय वाटत असेल याचा विचार करा. माझ्याशिवाय लोकशाही चालू होती! एखाद्या नवरीला घरात आणावे आणि पेटीत ठेवावे, तशी माझी गत. पण लोक वाईट नव्हते. माझी त्यांनी फार काळजी घेतली. मैनाबाई तर पोळ्याला आणि दिवाळीला मला खाली काढायची, झटकायची, उंदरांनी कुरतडले नाही ना ते पाहायची, आणि घडीत निंबाचा पाला घालून पुन्हा वर ठेवायची. ती म्हणायची, "परक्याची वस्तू हाय. उद्या मांगतली त जशीच्या तशी द्या लागीन."

मैनाबाईला ते इंजिन आणि ते नळ इतरांपेक्षा जरा जास्त हवे होते. तिचा नवरा शालिकराम अकोल्याच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. त्याला मुतखड्याचा विकार जडला. दुखणे उठले की तो गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि दात खाऊन गप्प राहायचा. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितले, "खारे पाणी बंद करा. गोड पाणी पाजा, भरपूर पाजा." औषध सोपे होते. फक्त ते गावात नव्हते.

मैनाबाई रोज पहाटे बोरटेकला जायची. ते तिचे माहेर. तिचा भाऊ तिथे पंजाबरावांच्या घरी सालदार होता, वर्षाच्या बोलीने राबणारा. विहिरीला तिला हात लावता येत नसे. कोणी दयाळू माणूस येऊन तिच्या घागरीत पाणी ओतेपर्यंत ती उभी राहायची. तिथे तिची दीक्षा कोणी वाचलेली नव्हती. एक घागर मिळायची, ती सगळी शालिकरामची. तो अर्धी प्यायचा आणि म्हणायचा, "बास झालं. पोट फुगलं. बाकीचं तू पी." ती म्हणायची, "मले खारंच गोड लागते." दोघेही खोटे बोलायचे आणि ते पाणी मडक्यात संध्याकाळपर्यंत तसेच राहायचे.

मधल्या काळात महाराष्ट्र राज्य झाले. धामणखेडला ते दुसऱ्या दिवशी कळले. पेढे वाटले, मग सगळ्यांना तहान लागली, आणि पाणी खारटच होते.

त्यानंतर परदेशी साहेब स्वतः तपासणीला आले. तांबूस चेहऱ्याचा, उंच, सभ्य माणूस. खोटे कशाला बोलू, तो मनाने प्रामाणिक होता. जीपमधून उतरल्यावर त्याने सगळ्यांना हात जोडले, अगदी कुत्र्यालासुद्धा.

खुशालरावांची मला खाली काढायची फार इच्छा होती. "मैनाबाई, आजच्या दिवस तरी अंथरू दे ना वं. सायब हाय."

"अंथरा ना. पन साऱ्यायले बसवा."

"सारे कसे मावतीन?"

"मंग सायबाले एकट्याले बसवता काय? थो काय नवरदेव हाय?"

तेव्हा साहेबही जमिनीवर बसले. त्यांना मांडी घालता येत नव्हती. त्यांचे गुडघे सभाभर दोन पाहुण्यांसारखे वेगळेच उंच बसले होते.

सभा सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे गटारावरून पेटली. एकाने खुशालरावांना आळशी म्हटले, दुसऱ्याने त्याच्या घरचे सांडपाणी कुठे जाते ते काढले. साहेबांनी बापूसाहेबांकरवी विचारले, गावात नेहमीच इतके भांडण असते का?

खुशालराव अभिमानाने म्हणाले, "नेहमीच! एखाद्या महिन्यात भांडन नाई झालं त लोक इचारतेत, सरपंच आजारी हाय काय?"

साहेबांनी मान हलवली आणि काही लिहिले.

मग मैनाबाई उठली. "सायब आमाले मार्क देऊन राहिले, बरं हाय. पन मले एक सांगा. सायबाच्या देशाचा कारभार कसा हाय, थे कोन पाहाते? त्याले कोन मार्क देते?"

बापूसाहेब साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, की ही बाई आपल्या प्रकृतीची चौकशी करते आहे. साहेबांना फार बरे वाटले. त्यांनी कळवले की अकोल्यात पोट जरा बिघडले होते, आता ठीक आहे. ते उत्तर ऐकून सभेने पुष्कळ विचार केला, पण त्याचा अर्थ कोणाला लागला नाही.

निकाल तालुक्याच्या गावी, विकासखंडाच्या कचेरीपुढे जाहीर व्हायचा होता. दोन्ही गावांना बोलावले. आता कचेरीत बसायला बिछायत कुठून आणणार? तेव्हा बापूसाहेबांनी आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे निरोप धाडला: येताना आपापली सतरंजी घेऊन यावे. मैनाबाईने मला घडी घालून डोक्यावर घेतले. निंबाचा पाला रस्ताभर गळत होता. मला वाटले, अखेर माझा दिवस आला.

कचेरीच्या अंगणात मला अंथरले, पण आमचे गाव सवयीने माझ्या कडेला जमिनीवरच बसले. शेजारी दुसरी एक सतरंजी अंथरली. कडा विरलेल्या, मध्ये झिरझिरीत, निळ्याचा राखाडी झालेला आणि तांबड्याचा पत्ताच नाही. मी जरा अंग चोरून घेतले. तेवढ्यात ती म्हणाली, "काहून वं, बहिणीले वळखत नाई काय?"

"अवो माय! तू? अशी कशी झाली तू? लय बसतेत काय तुह्यावर?"

"कायचे बसतेत," ती म्हणाली. "साहेब आला तरच बसतेत. वस्तीवाल्यायले समोर बसवतेत, साहेबाले दिसतीन असे. त्यायले नवे सदरे देतेत, अन् साहेब गेला का काढून घेतेत. कोनी तोंड उघडायचं नाई, असं पंजाबरावनं सांगून ठेवलं. अन् साहेब गेला का मंग माह्यी पाळी."

"म्हंजे?"

"वस्तीवाले बसले म्हून मले धुतेत. सोड्यात भिजवतेत, नदीवर दगडावर आपटतेत. आपटाले मैनाबाईची भावजय. मंग तिचा हात लागला म्हून वरून गोमूत्र शिंपडतेत. बापूसाहेब आले, धुतली. अमरावतीचा मोठा साहेब आला, धुतली. फोटोवाला आला, धुतली. लोकशाही लय घान करते वं बाई."

मी तर निंबाच्या वासात टवटवीत पडले होते.

तेवढ्यात साहेब आले. त्यांचे मन ठरत नव्हते असे दिसत होते. बोरटेकला शांतता होती, पण ती त्यांना जरा जास्तच शांत वाटली असावी. धामणखेडला भांडण होते, पण बायका बोलत होत्या. माणसे काय, दाखवायचे ते दाखवतात, असे ते बापूसाहेबांना म्हणाले. निर्जीव वस्तू मात्र खोटे बोलत नाही. आणि असे म्हणता म्हणता त्यांची नजर आम्हां दोघी बहिणींवर गेली.

ते खाली वाकले. त्यांनी बहिणीच्या विरलेल्या कडेवरून बोट फिरवले. मग माझ्यावरून फिरवले. माझा रंग त्यांच्या बोटाखाली नवरीसारखा चमकला. त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना पहिल्यांदाच एक पुरावा सापडला होता.

"दोन्ही एकाच दिवशी दिल्या होत्या ना?" त्यांनी विचारले.

"एकाच दिवशी," बापूसाहेब म्हणाले.

साहेबांनी खुशालरावांना विचारले, की तुमच्या सतरंजीवर किती लोक बसतात? बापूसाहेबांनी ते मराठीत सांगितले. खुशालराव छाती काढून म्हणाले, "कोनीच नाई!"

त्यांना वाटले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

"सायब, आमी सारे खाली बसतो," ते पुढे सांगू लागले. "काहून का सतरंजीवर सारे मावत नाईत, अन् अर्धे वर, अर्धे खाली असं आमच्या गावात आता चालत नाई..."

आता बापूसाहेबांनी हे इंग्रजीत सांगायचे म्हणजे वर कोण आणि खाली कोण, हे सांगावे लागणार. ते सांगितले की आणखी बरेच सांगावे लागणार. घरातली ही गोष्ट एका परक्यापुढे, त्यातही मदत मागणाऱ्या देशाने कशी काढायची? बापूसाहेबांचे देशावर मनापासून प्रेम होते, हे मी आधी सांगितलेच आहे. त्यांनी साहेबांना एवढेच सांगितले, की या गावचे लोक वस्तू फार जपून ठेवतात.

साहेब खेदाने हसले. जपून ठेवलेली संस्था आणि वापरलेली संस्था यांत फरक असतो, असे काहीतरी ते म्हणाले.

मैनाबाईला इंग्रजी येत नव्हते, पण माझ्यावरून फिरलेले बोट तिला दिसले होते. ती ताडकन उठली आणि माझ्यावर पाय ठेवून पुढे आली. "सायब, तिचा रंग कशानं गेला, थे मी सांगतो..."

आणि ती थांबली.

बोरटेकच्या माणसांत तिचा भाऊ बसला होता, नवा सदरा घालून, पहिल्या ओळीत. तो तिच्याकडे पाहत होता. त्याने मान हलवली नाही, हात जोडले नाहीत. नुसते खाली पाहिले.

पंजाबराव हसून म्हणाले, "बोल ना मैनाबाई. तू त आमच्याच गावची लेक. माहेराबद्दल चांगलंच बोलशीन." आणि त्यांनी तिच्या भावाच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. तो हात तिथे राहिला.

मैनाबाई उभी होती. अंगणात सगळे तिच्याकडे पाहत होते. तिच्यापुढे एका बाजूला घागर होती आणि दुसऱ्या बाजूला भाऊ. मी तिच्या पायांखाली होते, मित्रांनो. तिच्या पायांची बोटे माझ्या निळ्या पट्ट्यात रुतली होती.

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारले. बापूसाहेबांनी तिच्याकडे पाहिले.

"काई नाई," मैनाबाई म्हणाली, आणि खाली बसली.

इंजिन, नळ आणि टाकी बोरटेकला मिळाली. टाळ्या झाल्या. साहेबांनी धामणखेडच्या लोकांनाही धीर दिला. तुमचा कारभार अजून मदतीच्या पात्रतेचा झालेला नाही, पण निराश होऊ नका, सभा घेत चला, असे सांगितले. बहिणीचा फोटो काढला. तो पुढे परदेशात छापून आला म्हणतात. फोटो काळापांढरा असल्यामुळे रंग उडालेला कोणाला दिसला नाही.

परतताना खुशालराव म्हणाले, "मैनाबाई, रंग कशानं गेला, तुले ठाऊक होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाई?"

"भाऊ त्यायचा सालदार हाय. त्याचं घर त्यायच्याच जागेत हाय. मी बोलली असती त मले पानी भेटलं असतं, अन् त्याले रातोरात गाव सोडा लागलं असतं."

खुशालरावांनी टोपी काढली, आणि या वेळी पुन्हा घातली नाही.

पुढचे फार लांबवत नाही. बोरटेकच्या गोड विहिरीवर इंजिन बसले आणि पंजाबरावांच्या केळीच्या मळ्याला नळाने पाणी जाऊ लागले. टाकी गावात बांधली. वस्तीचा नळ पुढच्या टप्प्यात होता. इंजिन इतके चांगले होते की उन्हाळ्यापर्यंत विहीर तळाला गेली, आणि मग बाहेरच्या गावच्या माणसांना पाणी द्यायचे नाही असा ठराव झाला. तो बोरटेकच्या सभेत एकमताने, शांततेत, एकाही भांडणाशिवाय पास झाला. बहिणीला त्या दिवशी अंथरलेही नव्हते.

मैनाबाई पहाटे गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी गेली, तशीच आली. त्यानंतर ती गेली नाही. शालिकराम खारे पाणी पिऊ लागला. म्हणायचा, "काई फरक नाई वं." रोहिणी लागण्याच्या आधी तो गेला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू तुम्हांला हात जोडून सांगतात, की आमची काळजी घ्या, आम्हांला ऊन-पावसात टाकू नका, आम्हांला तुडवू नका. माझ्या बाबतीत सांगायला अडचण अशी की माझी फार चांगली काळजी घेतली गेली. आज पासष्ट साल उजाडले तरी माझ्यावर एक डाग नाही. सगळ्या विकासखंडात माझ्याइतकी जपलेली सतरंजी नसेल, आणि माझ्यामुळेच धामणखेड नापास झाले.

शालिकरामच्या नंतर बऱ्याच दिवसांनी मैनाबाई शाळेत आली. तिने मला दोरीवरून ओढून काढले. घडीतला निंबाचा पाला बाहेर फेकला, मला ओट्यावर रणरणत्या उन्हात अंथरले, आणि तुम्हां मुलांना हाक मारली. "या रे पोट्टेहो. बसा यिच्यावर. लोळा, कुदा, नाचा. काई नाई म्हनत कोनी." तुम्ही बिचकलात. इतकी वर्षे 'हात लावू नका' म्हणणारी बाई ती हीच. मग ती स्वतःच माझ्यावर फतकल मारून बसली, आणि बराच वेळ पायाच्या टाचेने माझा तांबडा पट्टा घासत राहिली.

गावात बोलतात, की पुन्हा कोणी साहेब मार्क द्यायला येणार आहे. कोणत्या देशाचा, काय घेऊन, ते ठाऊक नाही. खुशालराव म्हणतात, या वेळी नापास व्हायचे नाही. सभा अजून जमिनीवरच भरते आणि भांडणेही होतात. ते काही बदलण्यासारखे नाही. तेव्हा जे काय करायचे ते तुम्हांला आणि मलाच करायचे आहे, आणि माझा रंग तर अजून जाता जात नाही.

म्हणून मित्रांनो, शेवटी एवढीच विनंती. मधल्या सुटीत माझ्यावर बसायला याल तेव्हा पाय धुऊन येऊ नका. तेवढेच पाणीही वाचेल.